जुन्या व्ही-क्रॉसला बॉक्स लावावा की रिमॅप करावं?

प्रश्न थोडक्यात असा. कराडजवळच्या एका बागायतदाराकडे २०१७ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही डिझेल पिकअप आहे. २.५ लिटर, पाच गिअरची मॅन्युअल, नव्वद हजारांच्या आसपास चाललेली. कोकणातून आंब्या-काजूची कलमं भरून कुंभार्ली घाट चढताना गाडी दमते, वळणावर दुसरा टाकावा लागतो आणि मागे रांग लागते. एक जण सांगतो ट्यूनिंग बॉक्स लाव, दुसरा म्हणतो ईसीयू रिमॅप कर (म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदल), तिसरा म्हणतो पेडलचा कंट्रोलर पुरे. त्यात अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ बघून झालेत, त्यामुळे १३४चे १८० बीएचपी होतील का, हेही विचारलंय.

कागदावर होतात. पण तुमची अडचण बीएचपीची नाहीच. बीएचपी कामाला येते ती हायवेवर, इंजिन साडेतीन हजारांवर फिरत असताना. तुम्हाला हवंय ते वळणातून बाहेर पडताना, काटा पंधराशेच्या आसपास असताना, मागे मातीच्या पिशव्यांचं ओझं घेऊन गाडीने उचल खावी. म्हणजे टॉर्क (चाक फिरवणारी ओढ), आणि तोही खालच्या आरपीएमला, इंजिन मिनिटाला कमी फेरे घेत असताना. या गाडीला कंपनीने ३२० एनएम (न्यूटन-मीटर, टॉर्कचं माप) दिलेत, पण ते १८०० ते २८०० या पट्ट्यात. तुम्ही अडकता ते त्या पट्ट्याच्या खाली. हे एकदा लक्षात घेतलं की निम्म्या जाहिराती आपोआप बाद होतात.

डिझेलचे पंप आणि इंजेक्टर हे माझं मूळ काम, ट्यूनिंग त्याच्या मागून आलं. त्यामुळे माझं मत सावध बाजूला झुकणार हे धरूनच वाचा. गाडी समोर नसताना ठाम उत्तर देणारा माणूस एक तर विक्रेता असतो किंवा विक्रेत्याचा मित्र. तुमच्या बाबतीत बरंच काही क्लचची अवस्था, टायरचा साइज, इंजेक्टर किती झिजलेत आणि तुम्ही नेमकं किती वजन भरता यावर ठरेल.

सुरुवात तब्येतीपासून करू. 'गाडी ओढत नाही, ट्यून करा' म्हणून जी गिऱ्हाइकं येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची गाडी ट्यूनिंगला नव्हे, दुरुस्तीला आलेली असते. नव्वद हजारांवर तर नक्कीच शंका घ्यावी. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर हे सगळेच बघतात. इंटरकूलरचे (टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होस मात्र कोणी बघत नाही. क्लॅम्पच्या कडेला तेलकट काळपट डाग दिसला, तर तिथून बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबून भरलेली हवा, निसटतोय असं समजा. यंत्राची गरज नाही. जोडावर साबणाचं पाणी मारा, एकाला आरपीएम वाढवून धरायला सांगा, बुडबुडे येतात का बघा. उभ्या गाडीत बूस्ट फार होत नाही, त्यामुळे बारीक चीर यात सापडणार नाही, पण सैल क्लॅम्प आणि मोठी फट कळते. तुमच्या गाडीच्या टर्बोत हलत्या पात्या आहेत. त्या काजळीने जड झाल्या की खालच्या आरपीएमला टर्बो उशिरा जागा होतो, म्हणजे हुबेहूब तुमची तक्रार. ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी वाट) आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) तेल-काजळीचा थर बसलेला असतो, तोही हवा अडवतो. हे सगळं साफ केल्यावर 'आता ट्यूनची गरज वाटत नाही' म्हणणारे मालक मी पाहिलेत. त्या दिवशी माझं बिल कमी होतं, पण गिऱ्हाईक टिकतं.

यानंतर इंजेक्टर. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपांना एकेक पारदर्शक बाटली लावायची, इंजिन गरम करून ठरावीक वेळ चालवायचं आणि बाटल्या शेजारी-शेजारी ठेवायच्या. तीन बाटल्यांत पातळी सारखी आणि चौथीत दुप्पट दिसली, तर तो इंजेक्टर आतून झिजलाय. पंपाने तयार केलेलं प्रेशर तो परत टाकीकडे सोडतोय. अशा गाडीला तुम्ही बॉक्स लावा नाही तर रिमॅप करा, वाढीव प्रेशरचा भार आधी त्या एका दुबळ्या इंजेक्टरवर येणार. तो नीट बंद न होता गळायला लागला की त्या सिलिंडरच्या पिस्टनवर डिझेलचा शिडकावा चालू राहतो. पिस्टनच्या डोक्याला भोक पडण्याची ही एक ठरलेली वाट आहे. ट्यून करण्याआधी ही रिटर्न टेस्ट मागायचीच. 'गरज नाही हो' म्हणणाऱ्याकडे पुढे जाऊच नका.

टायरचं तुम्ही काही लिहिलं नाही, पण व्ही-क्रॉसवाले टायर बदलल्याशिवाय राहत नाहीत म्हणून विचारतो. मूळच्या २४५/७० आर १६च्या जागी २६५/७५ आर १६ टाकले असतील, तर चाकाचा व्यास सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. रस्त्यावर पोचणारी ओढ तितक्याच प्रमाणात घटते, आणि वर जाड ऑल-टेरेन टायरचं स्वतःचं वजन. त्यात लोखंडी बंपर, हौद्यावर कॅनॉपी, टपावर कॅरिअर असेल तर गाडी रिकामी असतानाच अर्धी भरलेली आहे. पैसे मोजून केलेल्या ट्यूनचा चांगला मोठा वाटा हे टायरच खातील. मूळ साइजवर परत येणं दिसायला कमी रुबाबदार आहे, पण घाटात सगळ्यात प्रामाणिक फरक त्याने पडतो. ओळखायचं असेल तर जीपीएसचा वेग बघा. काटा ७५वर असताना गाडी खरी ८०ने जात असेल, तर कारण टायर आहे.

आता तिन्ही पर्यायांकडे येऊ.

पेडल कंट्रोलर ताकद वाढवत नाही. तुम्ही पाव पेडल दाबलंत तर तो ईसीयूला अर्धं दाबलंय असं सांगतो, एवढंच. शहरात गाडी चपळ वाटते. घाटात तुम्ही तसंही पेडल तळाला टेकवलेलं असतं, तिथे त्याला सांगण्यासारखं काही उरत नाही. तुमच्यासाठी हा विषय इथेच संपला.

ट्यूनिंग बॉक्सचं काम नीट समजून घ्या, कारण विकणारे ते सांगत नाहीत. तुमच्या इंजिनात कॉमन रेल आहे, म्हणजे एका नळीत प्रचंड दाबाखाली डिझेल साठवलेलं असतं आणि तो दाब एक सेन्सर ईसीयूला कळवत असतो. साधा बॉक्स या सेन्सरच्या वायरमध्ये बसतो आणि खोटं सांगतो. समजा दाब १,४०० बार आहे, तर तो १,२५० कळवतो. ईसीयू बिचारा पंपाला म्हणतो, वाढव. दाब वाढतो, इंजेक्टर तेवढाच वेळ उघडला तरी डिझेल जास्त जातं, टॉर्क वाढतो. फायदे खरे आहेत. अर्ध्या तासात बसतो, सर्व्हिसच्या आदल्या दिवशी काढता येतो आणि गाडी विकताना खिशात राहतो. रेसचिप किंवा डिझेलट्रॉनिकसारख्या माहितीतल्या कंपन्यांचे बॉक्स कनेक्टरसकट नीट येतात. पाच-सातशे रुपयांचे 'सर्व डिझेल गाड्यांना चालणारे' जे मिळतात, त्यांच्यात कित्येकदा एक रेझिस्टर आणि एक दिवा यापलीकडे काही नसतं.

पण मेख अशी की ईसीयूचा सगळा हिशेब इथून पुढे चुकतो. आपण किती डिझेल टाकतोय याबद्दल त्याची समजूत एक आणि प्रत्यक्ष वेगळंच. धूर आवरणारी मर्यादा, टॉर्कची मर्यादा, डॅशबोर्डवरचं मायलेज, सगळं त्या खोट्या आकड्यावर चालतं. शिवाय तुमच्या दुखण्याच्या जागी, म्हणजे १५००च्या आसपास, टर्बोने हवाच भरलेली नसते. हवा नसताना डिझेल वाढवलं तर टॉर्क चिमूटभर आणि काळा धूर ढीगभर. वरच्या टोकाला उलटं होतं. मुळातच दाब कमालीच्या जवळ असतो, त्यात बॉक्सची भर पडली की रेलवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि गाडी लिम्प मोडला (इंजिन वाचवायला ताकद कमी करणारी स्थिती) जाऊन मान टाकते. चांगले बॉक्स बूस्टचा सिग्नलही वाचतात आणि या दोन्ही टोकांना मागे सरतात. घ्यायचाच असेल तर तसला घ्या आणि सगळ्यात खालच्या सेटिंगवर ठेवा.

रिमॅपमध्ये खोटं बोलावं लागत नाही. ईसीयूतली मूळ फाइल वाचून काढायची, तिच्यातले तक्ते बदलायचे आणि परत लिहायची. पेडलच्या कोणत्या स्थितीला किती टॉर्क, किती हवेला जास्तीत जास्त किती डिझेल, किती बूस्ट, किती रेल प्रेशर, इंजेक्टर किती वेळ उघडा, असे वेगवेगळे तक्ते असतात. तुमच्यासारख्याला याचा फायदा असा की १६०० ते २६०० हा पट्टा भरता येतो आणि वरचं टोक जवळजवळ कंपनीचंच ठेवता येतं. हवा जिथे आहे तिथेच डिझेल वाढतं, धूर आटोक्यात राहतो. तुमच्या वापराला मी रिमॅपच सुचवेन, पण सौम्य. बाजारात 'स्टेज १' म्हणून पाव हिश्शाने वाढ सर्रास सांगतात, म्हणजे ३२०चे ४००. ओझं घेऊन घाट चढणाऱ्या मॅन्युअल गाडीत मी पंधरा टक्क्यांच्या आसपास थांबतो. साधारण ३६५-३७०. इंटरनेटवर फुशारकी मारायला हा आकडा कामाचा नाही, हे मान्य.

एवढ्यावरच का थांबायचं? क्लच आणि उष्णता.

टोयोटाच्या हायलक्सचं उदाहरण बघा. भारतात ती २०२२ला आली, इंजिन एकच, २.८ लिटर, २०४ पीएस (माप जवळपास बीएचपीइतकंच). ऑटोमॅटिकमध्ये त्याच इंजिनाला ५०० एनएम आणि मॅन्युअलमध्ये ४२०. बनवणारी कंपनीच आपल्या इंजिनाला मॅन्युअल गिअरबॉक्सपाशी ८० एनएमने आवरते. इंजिनाला जमतं म्हणून मागच्या साखळीला जमेलच असं नसतं, हे त्यांना माहीत आहे. तुमच्या गाडीचा क्लच मूळचाच असेल तर आधी ही चाचणी करा. मोकळ्या, हलक्या चढाच्या रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये ५०-६०चा वेग धरा आणि पेडल पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा पळाला आणि वेग मात्र तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. आज ३२०ला घसरणारा क्लच ३७०ला घाटाच्या तिसऱ्या वळणावर वास सोडेल. तसं असेल तर आधी क्लचचं काम आणि ट्यून नंतर. त्या खर्चासकट हिशेब मांडा, कारण बॉक्स की रिमॅप यातला फरक त्याच्यापुढे किरकोळ आहे.

उष्णतेचं दुखणं दिसत नाही म्हणून जास्त घातक. रिकाम्या गाडीत पूर्ण ताकद तुम्ही दहा-पंधरा सेकंद वापरता आणि पेडल सोडता. भरलेल्या गाडीत घाटावर तीच ताकद कित्येक मिनिटं सलग वापरता. एक्झॉस्टचं तापमान चढत जातं, पण कूलंटचा काटा मध्यावरच असतो, त्यामुळे चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये मोजलेलं तापमान लांब चढावर सलग ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहू नये, हा माझा ठोकताळा. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन वाचतो तो खालून तेल आणि आजूबाजूने पाणी उष्णता ओढून नेतं म्हणून, आणि ती ओढून नेण्यालाही मर्यादा आहे. ओझं वाहणाऱ्या गाडीला ट्यून करताना मी ईजीटी मीटर (एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा) बसवायचा आग्रह धरतो. काटा चढताना दिसला की माणूस आपोआप एक गिअर खाली घेतो आणि पेडल सैल करतो. माथ्यावर पोचलात की लगेच चावी फिरवू नका, मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवून टर्बो निवू द्या.

अमेरिकन व्हिडिओंबद्दल एवढंच, की ती इंजिनं वेगळ्या कुळातली आहेत. कमिन्स किंवा पॉवरस्ट्रोक ६.७ लिटरचं, ड्युरामॅक्स ६.६. तुमच्या इंजिनाच्या अडीचपटीहून मोठी. तिथल्या टक्केवाऱ्या इथे लावू नका. त्या व्हिडिओंत डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) आणि ईजीआर 'डिलीट' करण्याचा जो प्रकार दिसतो, तो तिथेही कायदेशीर नाही. क्लीन एअर ॲक्टखाली तशी उपकरणं विकणाऱ्यांना पर्यावरण खात्याने दंड ठोकलेत.

आपल्याकडचा कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणाऱ्या बदलांना मनाई करतं. २०१९च्या दुरुस्तीने बदललेल्या १८२अ कलमात अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रिमॅप डोळ्यांना दिसत नाही म्हणून चौकात कोणी अडवत नाही. पण अपघातानंतर विमा कंपनीने न कळवलेल्या बदलाचा मुद्दा काढला तर तुमची बाजू लंगडी पडते. ही जोखीम तुमची आहे, ट्यूनरची नाही. आणि पीयूसी तर लागणारच. तुमच्यासारख्या बीएस ४ डिझेलला धुराच्या गडदपणाची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे. 'पीयूसीचं मी बघतो' असं म्हणणारा ट्यूनर तुमची फाइल धुराची बनवणार आहे, एवढं त्यातून समजा.

माझ्या मते खरी निवड इथे आहे, बॉक्स-रिमॅपमध्ये नाही. फाइल कोण बनवतंय? पुष्कळ दुकानांत 'स्लेव्ह' टूल असतं. ते तुमची फाइल वाचून दुसरीकडे पाठवतात आणि तिकडून आलेली फाइल तशीच लिहून टाकतात. त्यात गैर काही नाही, पण उद्या घाटात चेक लाइट लागला तर तो तक्ता उघडून दुरुस्त करणारा माणूस तुमच्या फोनवर असणार की नाही? हे स्पष्ट विचारा. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या आणि जपून ठेवा. लिहिण्याचं काम चालू असताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावलाय का ते स्वतः डोळ्यांनी बघा. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू मरू शकतो. डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दाखवत असतील तर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही एकाच दिवशी, त्याच डायनोवरचे मागा. वेगवेगळ्या डायनोंचे आकडे जुळवण्यात अर्थ नाही. डायनो नसेल तर लॉग, म्हणजे चालत्या गाडीत ईसीयूतून नोंदवलेले आकडे, मागा. भरलेल्या गाडीत चढावर ईसीयूने मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं. या दोन रेषा एकमेकींना चिकटून चालल्या तर काम नीट झालंय. मिळालेली रेषा मागे रेंगाळत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा फाइल अवास्तव मागते आहे. मागच्या वर्षी एक पिकअप दुसरीकडून ट्यून होऊन माझ्याकडे आली. मालकाच्या हातात रंगीत सर्टिफिकेट होतं आणि लॉगमध्ये रेल प्रेशर प्रत्येक चढावर कोसळत होतं. डिझेल फिल्टर चोंदलेला होता. सर्टिफिकेट देणाऱ्याने बॉनेट उघडलंच नसावं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी जाता जाता दोन गोष्टी. तुमच्याकडे बीएस ६ची १.९ लिटरची व्ही-क्रॉस असेल, तर तिला मुळातच १६३ पीएस आणि ३६० एनएम आहेत. म्हणजे जुन्या गाडीला मी जिथे नेऊन थांबवतो, जवळपास तिथून ती सुरू होते. तिला डीपीएफ आहे, वाढीव काजळी थेट त्यात जाऊन बसते, आणि वॉरंटी बाकी असेल तर हात लावू नका. दुसरं, लडाखला जाणाऱ्यांनी वाढवलेल्या बूस्टची फाइल घेऊन जाऊ नये. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब निम्म्याच्या आसपास येतो. तेवढाच बूस्ट भरायला टर्बोला कितीतरी जास्त वेगाने फिरावं लागतं. कुंभार्लीला ही चिंता नाही.

तुमच्या जागी मी असतो तर या क्रमाने गेलो असतो. होस, फिल्टर, ईजीआर आणि टर्बोच्या पात्या साफ करून एक फेरी भरलेल्या गाडीने मारायची. टायर मोठे असतील तर पुढच्या खरेदीला मूळ साइजवर यायचं. एवढ्याने भागलं नाही, तर रिटर्न टेस्ट आणि क्लचची चाचणी, आणि दोन्ही ठीक निघाल्या तरच सौम्य रिमॅप. त्यानंतर इंजिन ऑइल कंपनीने सांगितल्यापेक्षा जरा लवकर बदलायचं, कारण काजळी थोडी वाढतेच.

लागवडीची गडबड जूनमध्ये सुरू होते, तेव्हा गाडी एक दिवसही उभी ठेवणं तुम्हाला परवडणार नाही. क्लच उतरवावा लागला तर गिअरबॉक्स खाली येतो आणि पार्ट वेळेवर मिळेलच याची खात्री नसते. तपासणी एप्रिलमध्येच उरकून घ्या. रिटर्न टेस्टचे आकडे आणि टायरचा साइज कळवलात, तर रिमॅप करणाऱ्याला नेमकं काय सांगायचं ते मी लिहून देईन.